अन्नपेढ्या आणि राज्यांचा खजिना

पेढी म्हटली म्हणजे पैशांची देवघेव डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र अर्धशतकाहून अधिक काळ एक निराळ्याच प्रकारची पेढी रूढ झाली आहे. तिच्यात ठेव असते ती अन्नाची, आणि ती पोहोचते भुकेलेल्यांच्या हाती. अशी पहिली पेढी १९६७ साली ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी काढली. दुकानदार टाकून देतात ते खाण्याजोगे अन्न एके ठिकाणी साठवावे आणि गरजूंस द्यावे, एवढीच त्यामागील कल्पना होती. आज त्या देशात सुमारे २०० प्रादेशिक अन्नपेढ्या आहेत.

प्रादेशिक अन्नपेढी ही घाऊक कोठारासारखी असते. गावोगावची वाटपकेंद्रे, मोफत भोजनगृहे व निवारागृहे यांना ती माल पुरविते आणि त्यांच्यामार्फत तो कुटुंबांपर्यंत जातो. पेढीकडे अन्न येते ते मुख्यतः तीन वाटांनी. कारखानदार, दुकानदार व शेतकरी दान देतात, ही पहिली वाट. मध्यवर्ती सरकार १९८१ पासून चालत आलेल्या योजनेखाली राज्यांकडे अन्न धाडते, ही दुसरी. पेढी स्वतः बाजारातून अन्न विकत घेते, ही तिसरी. राज्य सरकारच्या पैशाचे मोल विशेषेकरून या तिसऱ्या वाटेवर कळून येते.

दानाच्या अन्नाला खर्च पडत नाही, ही समजूत खरी नाही. ते आणावयास मालमोटारी लागतात, टिकवावयास शीतगृहे लागतात, निवडावयास माणसे लागतात. शिवाय दाता देतो ते त्याच्याजवळ उरलेले. डबाबंद जिनसांची रास लागावी आणि मुलांच्या दुधाची मात्र वाण पडावी, असेही घडते. ही उणीव रोख रकमेनेच भरून निघते. मॅसॅच्युसेट्स राज्य आपल्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करते व त्या पैशातून चार प्रादेशिक पेढ्यांना अन्न मिळते. न्यूयॉर्क राज्यात २०२० साली महामारीमुळे उपाहारगृहे व शाळा बंद पडल्या, तेव्हा दूध ओतून देण्याची पाळी गवळ्यांवर आली आणि त्याच वेळी पेढ्यांपुढील रांगा वाढल्या. राज्याने पेढ्यांना पैसा दिला व तेथील शेतकऱ्यांचा माल घेण्यास सांगितले. २०२१ साली या योजनेला कायद्याचे रूप मिळाले.

परंतु या व्यवस्थेत एक मोठी अडचण आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांना अर्थसंकल्प समतोल राखावा लागतो. मध्यवर्ती सरकारप्रमाणे तूट काढून त्यांना खर्च चालविता येत नाही. मंदी आली की लोकांचे रोजगार जातात व कराचे उत्पन्नही घटते. म्हणजे पेढीपुढील रांग लांबते, नेमका त्याच वेळी राज्याचा हात आखडतो. मार्च २०२५ मध्ये मध्यवर्ती कृषिखात्याने स्थानिक शेतमालाच्या खरेदीसाठी मिळावयाची पुढील मदत रद्द केली, तेव्हा राज्यांच्या तरतुदींवर केवढा भार आहे हे अधिकच स्पष्ट झाले.

भारतात २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाचा शिधा हा त्याचा हक्क ठरला. अमेरिकेतही गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी साहाय्य देणारी मध्यवर्ती योजना आहे. ते साहाय्य महिनाअखेरपर्यंत पुरले नाही म्हणजे अनेकांना अन्नपेढीचा आधार घ्यावा लागतो. या आधारामागे मात्र तसा हक्क नाही. दात्यांची इच्छा आणि विधिमंडळाची वर्षावर्षाची मंजुरी यांवर तो टिकून आहे. सुगीत भरलेली कणगी आषाढात उघडावयाची असते, हे शेतकरी जाणतो. अनेक राज्ये बऱ्या वर्षांत आपत्कालासाठी निधी राखून ठेवतात. मंदीच्या वर्षी त्यातील वाटा अन्नपेढ्यांकडे वळविला गेला, तर रांगेतील शेवटच्या माणसाला रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.