बारा जागा आणि हजारो उमेदवार

महाविद्यालयीन बास्केटबॉल संगणकावर खेळणाऱ्या मंडळींत दोन तट आहेत. एकाला सामना हाच खेळ वाटतो. दुसऱ्याला, आणि त्या तटात मी अनेक वर्षे निष्ठेने उभा आहे, सामना हा केवळ निकाल वाचून दाखविण्याचा दिवस वाटतो, कारण कोणता मुलगा आपल्या संघात येणार आणि कोणता हातचा निसटणार या प्रश्नाचा उलगडा होत असताना खरा खेळ केव्हाच खेळून झालेला असतो. या दुसऱ्या तटाची बाजू मराठीत कोणी सविस्तर मांडल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हा प्रपंच.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. अमेरिकेच्या महाविद्यालयांनी तो उचलला. १९३९ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली आणि १९८५ साली तीत चौसष्ट संघ आले. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढण्याची चढाओढ इतकी वाढली, की १९६४ पासून उमेदवाराकडून रीतसर करारनामा लिहून घेण्याचा शिरस्ता पडला आणि तो साठ वर्षे टिकला. या चढाओढीची नक्कल करणारे संगणकीय खेळ पुढे अनेक निघाले. त्यांपैकी २००७ सालच्या ‘कॉलेज हूप्स २के८’ची खेळाडूंची यादी त्याचे चाहते स्वखुशीने कित्येक वर्षे अद्ययावत करीत राहिले, आणि ‘ड्राफ्ट डे स्पोर्ट्स: कॉलेज बास्केटबॉल’ हा निव्वळ व्यवस्थापनाचा खेळ आजही आवडीने खेळला जातो.

मी रमलो तो मात्र व्हॉटइफ स्पोर्ट्सच्या ‘हूप्स डायनॅस्टी’त. यात चेंडूला हात लावावयाचा नसतो. आपण प्रशिक्षक असतो, आणि आपल्यासारखेच शेकडो हाडामांसाचे प्रशिक्षक त्याच मुलखात आपापले संघ चालवीत असतात. असे मुलूख अनेक असून त्यांना वुडन, रप, नाइट, नेस्मिथ अशी थोर प्रशिक्षकांची नावे दिलेली आहेत. नवख्याला आरंभी तृतीय श्रेणीतील एखादे आडबाजूचे महाविद्यालय मिळते, आणि तेथे नाव कमावले म्हणजे वरच्या श्रेणीत जागेसाठी अर्ज करता येतो. संघात जागा बारा. दर हंगामात काही मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या जागी संगणकाने निर्माण केलेल्या हजारो काल्पनिक उमेदवारांतून नवी मुले आणावयाची असतात.

प्रत्येक उमेदवाराचे एक गुणपत्रक असते: शरीरसामर्थ्य, वेग, रिबाउंड, बचाव, चेंडू अडविणे, टोपलीजवळचा खेळ, दुरून नेमबाजी, चेंडूवरील ताबा, पास, दम, आणि या सर्वांहून मला महत्त्वाची वाटणारी मेहनती वृत्ती. प्रत्येक गुणात पुढे किती वाव आहे हेही कळते, पण ते सहजासहजी नाही. टेहळणीच्या चार पायऱ्या चढल्यावरच हे दप्तर पूर्ण उघडते आणि प्रत्येक पायरीला पैसे मोजावे लागतात. नवखा प्रशिक्षक आजचे आकडे पाहून भुलतो. कोल्हापूरच्या तालमीतला जुना वस्ताद जत्रेच्या फडात पोर पाहताना त्याने किती कुस्त्या मारल्या याची चौकशी करण्याआधी त्याच्या हाडापेराची ठेवण आणि अंगातली चिकाटी पाहतो, तीच नजर येथे कमवावी लागते. आजचा खेळ बेताचा, पण वाव मोठा आणि मेहनती वृत्ती दांडगी, असा मुलगा पहिल्या वर्षी सामन्यांपासून दूर ठेवून नुसता सरावात घडविला, ज्याला ‘रेडशर्ट’ करणे म्हणतात, तर पाचव्या वर्षी तो आजच्या सर्वोत्तम मुलालाही भारी पडतो.

परंतु गुण ओळखणे ही झाली अर्धी विद्या. त्या मुलालाही आपण हवेसे वाटलो पाहिजे. आपल्या हाती दर फेरीला वाटून देण्याचे ‘लक्ष’ मोजके असते, आणि घरभेटी, आवारभेट यांच्या खर्चाची तरतूदही मर्यादित असते. एका मुलाच्या घरी वीस वेळा जाता येते, महाविद्यालयाच्या आवारात मात्र त्याला एकदाच बोलाविता येते. आणि त्याचे गाव जितके लांब, तितका प्रवासखर्च अधिक. पहिल्या पाचांत खेळविण्याचे किंवा अमुक मिनिटे देण्याचे वचनही देता येते, पण ते मोडले तर मुलगा संघ सोडण्याची शक्यता असते. शिवाय प्रत्येकाच्या मनात काही ओढी असतात: कोणाला घराजवळ राहावयाचे, कोणाला घरापासून लांब जावयाचे, कोणाला जिंकणारा संघ हवा, तर कोणाला पडका संघ उभारण्याची उमेद, कोणाला एकाच जागी दीर्घकाळ टिकलेला प्रशिक्षक हवा. माझ्या मते या खेळाच्या कर्त्यांची सारी प्रतिभा या ओढींच्या योजनेत आहे, कारण तिच्यामुळेच गरीब महाविद्यालयालाही श्रीमंताच्या तोंडचा घास काढून घेता येतो.

‘घराजवळ’ ही ओढ कल्पनेतून उपजलेली नव्हे. इंडियाना राज्यातील फ्रेंच लिक या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावातील लॅरी बर्ड १९७४ साली बॉबी नाइट यांच्या इंडियाना विद्यापीठात गेला. नाइट यांचा दबदबा मोठा, संघ बलाढ्य, शिष्यवृत्ती पक्की, आणि तरीही तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या त्या गजबजाटात त्याचा जीव रमेना, म्हणून महिनाही पुरता भरला नाही तोच तो घरी परतला आणि गावच्या नोकरीत कचऱ्याची गाडी फिरवू लागला. पुढे इंडियाना स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल हॉजेस यांनी चिकाटीने त्याचे मन वळविले. त्या बर्डने १९७९ साली संघाला एकही सामना न गमावता अंतिम फेरीपर्यंत नेले. तेथे मॅजिक जॉनसनच्या मिशिगन स्टेटने त्यांना हरविले. आणि मॅजिकनेही आपल्याच गावाजवळचे विद्यापीठ निवडले होते, हे विसरून चालणार नाही.

‘हूप्स डायनॅस्टी’तला माझा संघ आयोवातील. एका हंगामात दक्षिण इंडियानातील सहा फूट आठ इंच उंचीचा एक मुलगा माझ्या नजरेत भरला. रिबाउंड उत्तम, टोपलीजवळचा खेळ कच्चा पण वाव भरपूर, आणि ओढ घराची. त्याच्या राज्यातील एक प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मागून शर्यतीत उतरला. ठरावीक तासांनी हिशेब होई आणि त्या मुलाच्या उत्सुकतेची पायरी कळे: माझ्याबाबत ‘अत्युच्च’, त्या प्रतिस्पर्ध्याबाबत ‘उच्च’. घरभेटी मी शेवटपर्यंत चालू ठेवल्या, पहिल्या पाचांतल्या जागेचे वचन दिले. मुलगा गेला त्याच्याकडे. २०१६ पूर्वी असे झाले नसते. तेव्हा ज्याचे प्रयत्न अधिक, त्याच्या पदरात उमेदवार, असा सरळ हिशेब होता. नव्या पद्धतीत प्रयत्नांनी केवळ संभाव्यता वाढते आणि शेवटी सोडत निघते. जुन्या मंडळींतील अनेकांना ही सोडत अजूनही खुपते. मी मात्र, तो मुलगा गमावल्यानंतरही, तिचाच कैवारी आहे. कारण अठरा वर्षांच्या मुलाचा निर्णय त्रैराशिकाने निघत असेल, तर घरभेटींना काही अर्थच उरत नाही.

वाव म्हणजे काय हे पाहावयास मी मुद्दाम डेव्हिडसनला गेलो. भाचा शार्लटला असतो. तेथून मोटारीने अर्ध्या तासावर हे गाव, एक मुख्य रस्ता, आणि त्याला लागून दोनेक हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय. त्याचे क्रीडागृह पाहून आपण एका दंतकथेच्या उगमाशी उभे आहोत असे मुळीच वाटत नाही. ती दंतकथा म्हणजे स्टीफन करी. त्याचे वडील ज्या व्हर्जिनिया टेकमधून खेळले, त्या संस्थेने या सडपातळ मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. शिष्यवृत्तीविना आलास तर ये, इतकेच काय ते सांगितले. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मकिलप यांनी त्याला घेतले. २००६ च्या नोव्हेंबरातील पहिल्याच सामन्यात करीने तेरा वेळा चेंडू गमावला, तरी मकिलप यांनी त्याला खाली बसविले नाही, आणि दुसऱ्या सामन्यात त्याने मिशिगनविरुद्ध बत्तीस गुण केले. २००८ साली त्या चिमुकल्या महाविद्यालयाने गॉन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांना लोळविले, आणि पुढे विजेत्या ठरलेल्या कॅन्ससपुढे ते अवघ्या दोन गुणांनी हरले. गुणपत्रकातील वावाचा रकाना वाचताना मला नेहमी तो तेरा वेळा निसटलेला चेंडू आठवतो.

उमेदवार काल्पनिकच का, असे वाचक विचारतील. त्याचे मोठे कारण कायद्याचे आहे. १९९५ साली यूसीएलएला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या एड ओबॅननला २००९ च्या सुमारास एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये आपलीच प्रतिमा दिसली: तोच डावखुरा हात, तोच क्रमांक, नाव मात्र नाही आणि मोबदलाही नाही. त्याने दावा लावला, आणि २०१४ साली न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. बड्या कंपनीचा शेवटचा महाविद्यालयीन बास्केटबॉल गेम मात्र त्याआधीच, २००९ च्या अखेरीस निघाला होता. ओबॅननचे म्हणणे मला सर्वथा न्याय्य वाटते. आणि काल्पनिक मुलांमुळे आम्हां व्यवस्थापकांचे काहीच बिघडले नाही. उलट कोणाचे भविष्य आधीच ठाऊक नसल्याने परीक्षा निर्भेळ झाली.

प्रत्यक्ष भरतीचे स्वरूप मात्र झपाट्याने पालटत आहे. २०१८ साली बदलीसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले, २०२१ पासून वर्षभर बाहेर न बसता संघ बदलता येऊ लागला, त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून महाविद्यालये त्यांना थेट पैसे देऊ लागली. संगणकीय खेळांनीही ही वाट धरावी असा आग्रह वाढतो आहे. ज्यांना ते हवे त्यांच्यासाठी एखादा नवा मुलूख जरूर वसवावा. पण मुलगा चारही वर्षे एकाच संघात राहण्याचा जुना शिरस्ता निदान एका मुलखात तरी कायम राखावा, कारण या खेळातील गहन मसलत त्यावरच उभी आहे. जितक्या जागा रिकाम्या तितकी तरतूद अधिक, म्हणून काहीजण एकाच वर्षी सहा जागा मोकळ्या करून तुटून पडतात आणि ती सहा मुले शेवटच्या वर्षात आली की अजिंक्यपदाचा डाव टाकतात. मला दर वर्षी तीन जागा, चार वर्गांत तीन-तीन मुले, ही मांडणी अधिक पसंत आहे. तिच्यात संघ एका वर्षी आभाळाला भिडत नाही, पण कोणत्याही वर्षी ओस पडत नाही, आणि पुढील हंगामासाठी मी ज्या तिघांची यादी केली आहे, त्यांतील एकाची ओढ ‘टिकलेला प्रशिक्षक’ अशी असल्याने त्याच्यासाठी आवारभेट राखून ठेवली आहे.