'जात्यंध' म्हणजे नेमकं कोण? 'जन्मांध' असा मूळ अर्थ असलेल्या शब्दाची गोष्ट

निवडणूक जवळ आली की सातारा-सांगलीच्या सभांमध्ये 'जात्यंध' हा शब्द हमखास कानावर पडतो. विरोधकाला तो बिनधास्त चिकटवला जातो. पण त्याचा नेमका अर्थ काय?

'जाति' अधिक 'अंध' म्हणजे जात्यंध. संस्कृतात जाति म्हणजे जन्मही. त्यामुळे तिथे जात्यंध म्हणजे जन्मांध. आजच्या मराठीत मात्र जातीच्या अभिमानाने किंवा द्वेषाने आंधळा झालेला माणूस, हाच अर्थ रुळला आहे. 'धर्मांध' हा त्याचाच भाऊबंद.

मसूर स्टेशनवर काय घडलं?

हा आंधळेपणा जन्मजात असतो का? १९०१ मध्ये साताऱ्यात शिकणारे लहानगे भीमराव आंबेडकर भाऊ-भाच्यांसोबत खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूरला उतरले. चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी महार असल्याचं सांगताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. डॉ. आंबेडकरांनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे. स्टेशनमास्तरच्या डोळ्यांना काहीच खटकलं नव्हतं, खटकलं ते कानांना. बैलगाडीही मिळाली ती दुप्पट भाड्यावर आणि मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर. गाडीवान शेजारून चालत राहिला. विटाळ माणसाचा होता, पैशांचा नाही!

मग 'कर्मठ' कोण?

हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कर्मठ माणूस सोवळं-ओवळं, व्रतवैकल्यं कडक पाळतो. त्याने दुसऱ्याला हीन लेखलंच पाहिजे असं नाही. जात्यंधाला मात्र देवपूजेचीही गरज नसते. (दोघं एकाच माणसात सापडायचे, ही गोष्ट वेगळी.) 'जातीयवादी' हा शब्द विचारसरणीला किंवा पक्षाला जास्त शोभतो. 'पूर्वग्रहदूषित' हा सगळ्यात सौम्य, तो बहुतेकदा मताला लावतात, माणसाला कमी.

गंमत म्हणजे 'कर्मठ' आणि 'कर्मवीर' दोन्ही 'कर्म'वरूनच आले. कर्मवीर भाऊराव पाटलांचं बालपण ज्या वाळवा तालुक्यात गेलं, तो तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला, त्याला 'सांगली' हे नाव १९६० मध्ये मिळालं. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून भाऊरावांनी लहानपणी विहिरीचा रहाटच मोडला, अशी आठवण या भागात आजही सांगतात. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकाच पंगतीत जेवायची.