वजनाचे खिसे: बुडी मारण्याआधी ओढून बघा

स्कूबावाल्या मित्रमैत्रिणींनो, बीसीडी जॅकेटमधले वजनाचे खिसे कमरेच्या पट्ट्यापेक्षा सुखाचे, पण निगा राखली तरच भरवशाचे. पाण्याखाली एक खिसा निसटला, तर ३-४ किलो शिसं क्षणात जातं आणि आपण वेगाने वर उसळतो. त्यात श्वास रोखला गेला, तर फुप्फुसांना इजा होऊ शकते.

वेल्क्रो झिजतो, त्यात वाळू भरते. क्लिपमध्ये मीठ साचतं. म्हणून:

✅ क्लिपचा ‘टक्’ आवाज ऐका, मग खिसा ओढून बघा.
✅ थोडं वजन मागच्या ट्रिम पॉकेटमध्ये ठेवा.
✅ खिसा सोडायचं हँडल कुठे आहे, ते जोडीदाराला दाखवा.
✅ डाइव्हनंतर सगळं गोड्या पाण्याने धुवा.

पुढच्या डाइव्हआधी एवढं नक्की करा!