प्रशिक्षणाची शिदोरी

तत्कालीन मद्रासमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँक स्टाफ कॉलेजातील प्रशिक्षण निवासी स्वरूपाचे असते. बँकांच्या अशा निवासी प्रशिक्षणाचा एक लाभ अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. वर्गात नियम समजतात. परंतु तोच नियम प्रत्यक्षात कोठे अडतो, हे भोजनगृहात शेजारी बसलेल्या अन्य विभागातील अधिकाऱ्याकडून उमगते. पुढे एखाद्या प्रकरणात पेच पडल्यास अशा परिचितास निःसंकोच विचारता येते आणि ग्राहकाचा खोळंबा टळतो. मात्र विचारावे ते कार्यपद्धतीविषयी. ग्राहकाचे नाव वा खात्याचा तपशील उघड करणे हा गोपनीयतेचा भंग होय. परिचयही एकतर्फी टिकत नाही. आपण विचारतो तितकेच इतरांनाही सांगत राहिलो, तरच ही शिदोरी निवृत्तीपर्यंत पुरते.