पडद्यावरचे बायबल आणि प्रेक्षकातले आपण

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारले, बोरिवलीच्या व्याख्यानाला बायबलवरचे सिनेमे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बोरिवलीतच मंडपेश्वराची शैव लेणी आहेत, त्यांच्या माथ्यावर पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती वास्तूचे भग्न अवशेष उभे आहेत, आणि शेजारच्या आयसी कॉलनीत आजही नाताळचे कंदील लागतात. एकाची पवित्र कथा दुसऱ्याच्या उंबऱ्यापाशी असणे ही आपल्या उपनगरांची रोजची स्थिती आहे. तेव्हा ती कथा आपण कशी पाहतो, हा प्रश्न परका नाही.

शिवाय, ज्याला आपण भारतीय चित्रपट म्हणतो त्याची सुरुवातच या प्रश्नातून झाली. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताचे चरित्र दाखवणारा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी त्या अनुभवाविषयी लिहिले. डोळ्यांसमोरून ख्रिस्त जात होता, पण मनात श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असा त्याचा आशय. नंतर पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो चित्रपट दाखवला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढचे आपल्याला माहीत आहे.

आता थोडे थांबून बघा. फाळक्यांनी तो चित्रपट ‘बरोबर’ पाहिला का? एखादा पाद्री म्हणेल, नाही. समोर येशू आणि मनात कृष्ण, हे पाहणे कसले? आम्ही म्हणतो, पाहणे यालाच म्हणतात. आपल्या रसशास्त्रात भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ असा शब्द वापरला आहे. रंगभूमीवरचे दुःख ‘माझे’ नसते आणि ‘त्या परक्याचे’ही राहत नाही. ते व्यक्तीपासून सुटते, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. फाळक्यांच्या बाबतीत ख्रिस्ताचे चरित्र ख्रिस्ती माणसापुरते राहिले नाही. ते सुटले, आणि सुटले म्हणून दुसऱ्या रूपात पुन्हा जन्मले. त्यांनी नक्कल केली नाही आणि पाठही फिरवली नाही. ही तिसरी वाट होती.

पण प्रत्येक वेळी इतके सुखाने होत नाही. का होत नाही, ते समजून घेण्यासाठी आपण एक कथा घेऊ.

उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला म्हणतो, तुझ्या लाडक्या इसहाकाचा बळी दे. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, निघतो. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. मुलगा विचारतो, लाकडे आहेत, विस्तव आहे, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव पाहून घेईल. सुरी उचलली जाते आणि दूताची हाक येते. एवढेच. तीन दिवस बापाच्या मनात काय चालले होते? मजकूर गप्प आहे. मुलाचे वय किती? गप्प. एरिक आउअरबाख या समीक्षकाने याच गप्प राहण्याला बायबलच्या कथनशैलीचा गाभा मानले. किर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाने १८४३ साली ‘भय आणि कंप’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या आरंभी ही कथा चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिली. एका तऱ्हेने त्याचे समाधान होईना, म्हणून चार.

आम्ही हे पुस्तक वर्गात शिकवत असू तेव्हा मराठी मुले, विशेषतः मुली, हटकून एक प्रश्न विचारीत: “सर, आई कुठे होती?” हा प्रश्न येतो कुठून? तो चिलया बाळाच्या कथेतून येतो. श्रियाळ राजाच्या दारी शंकर अतिथी होऊन आला आणि त्याने मुलाचे भोजन मागितले. तिथे चांगुणा आहे. कांडते तीच, रडू आवरते तीच. त्या कथेत आईला आवाज आहे. अब्राहामाच्या कथेत, त्या अध्यायात, सारा हे नावही येत नाही. म्हणजे आपला श्रोता आपली कथा बरोबर घेऊन येतो आणि समोरच्या कथेतली रिकामी जागा नेमकी ओळखतो. आणि हरिश्चंद्र आठवा. तारामतीवर उगारलेले शस्त्र शेवटच्या क्षणी देव थांबवतो. फाळक्यांनी अब्राहामावरून हरिश्चंद्र घेतला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोन्ही कथा माणसाला एकाच कड्यावर नेऊन उभे करतात, एवढेच.

आता यातली अडचण. लिहिलेली कथा गप्प राहू शकते, कॅमेरा राहू शकत नाही. १९६६ साली जॉन ह्यूस्टन यांनी ‘द बायबल’ काढला, त्यात अब्राहाम झाला जॉर्ज सी. स्कॉट. आता त्या तीन दिवसांना एक चेहरा आला, एक चाल आली, एक रस्ता आला. किर्केगार्डच्या चार शक्यतांतून एक उरली. मोशेचेही तसेच. निर्गमात तो स्वतः देवाला सांगतो की मी बोलण्यात जड आहे, जीभ चालत नाही. सेसिल डिमिल यांच्या १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये मोशे आहे चार्ल्टन हेस्टन, ज्याच्या आवाजाने थिएटर भरून जाई! पुस्तक वाचलेल्याला ते खटकते. न वाचलेल्याला मात्र मोशे म्हणजे तोच आवाज, कायमचा.

म्हणूनच चेहऱ्याची भीती फार जुनी आहे. १९१२ साली ब्रिटनमध्ये चित्रपट तपासणारे मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याचे सुरुवातीचे ठाम नियम दोनच होते: नग्नता नको आणि पडद्यावर प्रत्यक्ष ख्रिस्त नको. गंमत बघा, राज्यकर्त्यांच्या देशात हा नियम होत होता आणि त्याच सुमारास गिरगावात ख्रिस्त पडद्यावर चालत होता. ‘बेन-हर’मध्ये (१९५९) येशू आहे, पण चेहरा दाखवलेला नाही. आपण समोरच्या पात्राच्या चेहऱ्यावरून तो ओळखायचा.

आपल्याकडे उलट. आपल्याला दर्शन हवे असते. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे तेव्हा मुलुंड-घाटकोपरच्या चाळींत आंघोळी उरकून माणसे बसत आणि टीव्हीला हार घालत, हे इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. १९७८ साली ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘करुणामयुडु’ हा तेलुगू येशूपट आला. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला आणि प्रोजेक्टरवरून गावोगाव दाखवला गेला. त्याची घडण पौराणिक चित्रपटाचीच. प्रेक्षकाला डोळे कसे वापरायचे हे शिकवावे लागले नाही, कारण फाळक्यांपासून ते शिकून झाले होते. वर्तुळ असे पुरे झाले: ख्रिस्तपटातून पौराणिक चित्रपट, आणि पौराणिक चित्रपटाच्या भाषेतून पुन्हा ख्रिस्त.

मग राग कधी येतो? दर्शनाच्या जागी दावा उभा राहिला की. २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा मुंबईत निदर्शने झाली, काही राज्यांनी बंदी घातली. सेन्सॉर मंडळाने, ही काल्पनिक कथा आहे, अशी पाटी दाखवायला लावून चित्रपट सोडला. ती पाटी वाचून किती जणांचे दुःख कमी झाले असेल, सांगता येत नाही. श्रद्धावान माणसाचे दुःख खरे असते, हे आधी मान्य करायला हवे. त्याला वाटते, माझ्या मनातली मूर्ती कोणीतरी हलवली. पण दुःख खरे असणे आणि बंदी योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. तसे मानले तर फाळक्यांनाही कोणी म्हणू शकले असते की आमचा ख्रिस्त पाहताना तुमचा कृष्ण कशाला आणलात?

यावर मराठीत एक जुना धडा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापले गेले, ते ओवीत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल मंडळींनी बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली. त्यांच्या धर्मात मूर्ती वर्ज्य. तरी कीर्तन चालले. का? कारण कीर्तनकार घटकेत अब्राहाम होतो, घटकेत इसहाक, घटकेत पुन्हा स्वतः होऊन श्रोत्यांशी बोलतो. त्याचा चेहरा कोणाचाच कायमचा होत नाही. ‘हे सांगणे आहे’ याची जाणीव श्रोत्याला सतत राहते आणि गहिवरही कमी होत नाही.

सिनेमाला हे जमत नाही असे नाही. इटलीच्या पासोलिनींनी १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. स्वतः निरीश्वरवादी, मार्क्सवादी. तरी संवाद मत्तयाचेच ठेवले, नट साधी माणसे घेतली, वयस्क मरिया म्हणून आपल्या आईला उभे केले आणि चित्रपट तेविसाव्या पोप जॉनच्या स्मृतीस अर्पण केला. श्रद्धा नसलेल्या माणसालाही दुसऱ्याच्या पवित्र कथेपुढे नीट उभे राहता येते, याचा याहून चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी कथा, कोणत्याही धर्माची, मोबाइलवर का होईना, पाहाल तेव्हा तीन प्रश्न जवळ ठेवा. मूळ कथा जिथे गप्प आहे तिथे याने काय भरले? भरलेले कथेच्या ओझ्याला पेलते की फक्त डोळे दिपवते? आणि मी जे पाहतो आहे त्यात माझी कोणती कथा मिसळली आहे? तिसरा प्रश्न अवघड आहे, पण शेजाऱ्याशी बोलायला तोच उपयोगी पडतो. ‘आई कुठे होती’ हे शेजारच्या ख्रिस्ती किंवा यहुदी माणसाला विचारून बघा. तो रागावणार नाही, बहुधा त्यालाही तोच प्रश्न पडलेला असेल.

वेळ संपत आली. आता तुम्ही विचारा.