शारदा (स्त्रीनाम)

शारदा : भारतातील एक प्रचलित स्त्रीनाम. विद्या व कला यांची अधिष्ठात्री देवता सरस्वती हिचे एक नाव म्हणून ते मुख्यत्वे परिचित असून मराठी, गुजराती, हिंदी, मैथिली, बंगाली, कन्नड, तेलुगू व मलयाळम् भाषिकांत ते थोड्याफार उच्चारभेदाने आढळते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्त्रीशिक्षणाची चळवळ, रंगभूमी व शिक्षणसंस्थांचे नामकरण यांच्याशी या नावाचा जो संबंध आला, त्यामुळे त्याला दैवतवाचक अर्थाबरोबरच सामाजिक अर्थही प्राप्त झाला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती, इंदापूर व त्यांना लागून असलेला दौंड हे तालुके या दृष्टीने उल्लेखनीय आहेत.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘शरद्’ या ऋतुवाचक संस्कृत शब्दापासून ‘शारद’ म्हणजे शरद् ऋतूसंबंधीचे असे विशेषण होते. ‘शारदा’ हे नाम त्यापासून सिद्ध झाले आहे. आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने. पावसाळा सरून आकाश निरभ्र झालेले असते, चांदणे स्वच्छ असते व नद्यांचे पाणी निवळलेले असते. सरस्वतीच्या शुभ्र वर्णाची व निर्मळ वाणीची कल्पना या ऋतूशी सहज जुळते. शब्दकोशांत शारदा या शब्दाचे सरस्वती, दुर्गा व वीणेचा एक प्रकार असे अर्थ दिलेले आढळतात. यांपैकी दुर्गावाचक अर्थाचा संबंध शरद् ऋतूतील नवरात्राशी आहे. म्हणूनच आश्विनातील नवरात्रास ‘शारदीय नवरात्र’ म्हणतात. बंगालीत हे स्त्रीनाम ‘सारदा’ असेही लिहितात व ‘सार देणारी’ अशी त्याची फोड करतात. शरद, शरच्चंद्र ही पुरुषनामे शरद् याच शब्दावरून आलेली आहेत. शरयू हे स्त्रीनाम मात्र नदीवाचक असून उच्चारसाम्य सोडल्यास त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

दैवतपरंपरा : शारदेच्या उपासनेचे प्राचीन केंद्र काश्मीरमध्ये होते. किशनगंगा (नीलम) नदीच्या खोऱ्यातील शारदापीठाचे अवशेष आज पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये आहेत. या पीठाच्या कीर्तीमुळे काश्मीरला ‘शारदादेश’ म्हणत. त्या प्रदेशात संस्कृत ग्रंथलेखनासाठी शतकानुशतके वापरली गेलेली लिपीही ‘शारदा’ या नावानेच ओळखली जाते. कर्नाटकातील शृंगेरी येथील शारदांबा व मध्य प्रदेशातील मैहर येथील शारदामाता ही या देवतेची अन्य प्रसिद्ध स्थाने होत.

मराठी वाङ्मयात ग्रंथारंभी गणेशाच्या पाठोपाठ शारदेस वंदन करण्याचा प्रघात जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात असे वंदन आढळते. रामदासांच्या दासबोधातील पहिल्या दशकाचा तिसरा समास ‘शारदास्तवन’ या नावाचा आहे. शाळांतून नवरात्रात होणारा शारदोत्सव आणि दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून केले जाणारे पूजन यांमुळे ही देवता अक्षरओळख होत असतानाच मुलांच्या परिचयाची होते. पुण्यातील मंडईच्या सार्वजनिक गणेशोत्सवात गणपतीसमवेत शारदेची मूर्ती असून ती ‘शारदा-गजानन’ म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या काळी मुलींना अक्षरओळख करून देणे समाजास मान्य नव्हते, त्या काळीही विद्येची देवता स्त्रीरूपातच पूजिली जात होती. हा विरोधाभास सुधारकांच्या दृष्टीतून सुटला नाही आणि या नावाचा पुढील इतिहास समजून घेण्यास तो उपयुक्त ठरतो.

नामकरणाची रीत : महाराष्ट्रात मुलीचे नाव सामान्यतः बारशाच्या दिवशी ठेवले जाते. देवता, नद्या, फुले व घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्यावरून नावे ठेवण्याची प्रथा सर्वत्र आहे. वयपरत्वे व नात्यापरत्वे मूळ नावास ताई, बाई, काकू, आजी असे प्रत्यय लागून शारदाताई, शारदाबाई, शारदाकाकू अशी रूपे होतात. विवाहप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची प्रथा अनेक जातींत होती. ताटातील तांदळावर वर नवे नाव लिहीत असे व पुढे सासरी तेच रूढ होई. त्यामुळे एकाच स्त्रीची माहेरचे व सासरचे अशी दोन नावे असत. यमुना कुर्लेकर या विवाहानंतर रमाबाई रानडे झाल्या, मनकर्णिका गोखले या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. चरित्रे व कौटुंबिक कागदपत्रे यांच्या आधारे स्त्रियांचा इतिहास लिहिताना हा नावबदल मोठी अडचण उत्पन्न करतो. माहेरच्या नावाने झालेली नोंद आणि सासरच्या नावाने झालेली नोंद एकाच व्यक्तीची आहे, हे पुष्कळदा सिद्ध करता येत नाही.

शारदा सदन : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवा व निराधार स्त्रिया यांच्या शिक्षणासाठी ‘शारदा सदन’ ही निवासी शाळा सुरू केली. विद्येच्या देवतेचे नाव देऊन, केशवपन झालेल्या व घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या बालविधवेलाही विद्येचा अधिकार आहे, हे त्यांनी सूचित केले. १८९० मध्ये ही संस्था पुण्यास हलविण्यात आली. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला, संस्थेच्या सल्लागार मंडळातील हिंदू सुधारक दूर झाले व अनेक पालकांनी मुलींना काढून घेतले. पुढे या कार्याचे केंद्र दौंड तालुक्यातील केडगाव येथे गेले व तेथील मुक्ती सदनाच्या परिसरात शारदा सदन हे नाव टिकून राहिले. सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

संगीत शारदा : गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी शारदा हिचा विवाह भुजंगनाथ या धनाढ्य वृद्धाशी ठरवितो. कोदंड हा तरुण तो विवाह मोडतो व अखेरीस शारदेशी विवाह करतो, असे याचे कथानक आहे. पौराणिक नाटकांनी भारलेल्या संगीत रंगभूमीवर समकालीन सामाजिक प्रश्न घेऊन आलेले हे नाटक कमालीचे लोकप्रिय झाले. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनीही शारदेची भूमिका केली. या नाटकामुळे जरठकुमारी-विवाहास बळी दिल्या जाणाऱ्या मुलीचे प्रतीक म्हणून शारदा हे नाव मराठी भाषिकांच्या मनात ठसले. ज्या मुलीचे नाव विद्येच्या देवतेवरून ठेवलेले आहे, तिला स्वतःच्या विवाहाविषयी बोलण्याचाही अधिकार नसावा, यातील विसंगती प्रेक्षकांस वेगळी सांगावी लागली नाही.

याच संदर्भात एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास मराठीत ‘शारदा कायदा’ असे म्हटले जाई. त्यामुळे कायद्याचे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असावे, असे अनेकांस वाटते. वस्तुतः हे नाव या विधेयकाचे प्रवर्तक हरविलास सारडा (१८६७–१९५५) यांच्या आडनावावरून पडले. १ एप्रिल १९३० पासून अंमलात आलेल्या या कायद्याने विवाहसमयी मुलीचे किमान वय १४ व मुलाचे १८ वर्षे ठरविले. १९७८ मधील दुरुस्तीने ही मर्यादा अनुक्रमे १८ व २१ करण्यात आली. पुढे या कायद्याची जागा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने घेतली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने सारडा व शारदा यांचा संबंध नसला, तरी लोकांनी कायद्याच्या नावात नाटकातील मुलगी पाहिली, ही गोष्ट त्या नाटकाच्या प्रभावाची निदर्शक आहे.

बारामती व इंदापूर परिसर : बारामती तालुक्यातील काटेवाडी येथील शारदाबाई गोविंदराव पवार (जन्म १२ डिसेंबर १९११) या या परिसरातील शारदा नावाच्या सर्वांत परिचित व्यक्ती होत. पुण्यातील सेवासदनात शिक्षण घेतलेल्या शारदाबाई १९३० च्या दशकात पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. ग्रामीण भागातील स्त्री सार्वजनिक सभेत क्वचितच दिसे, अशा काळात शेती, अकरा मुलांचा संसार व लोकल बोर्डाचे काम त्यांनी एकाच वेळी सांभाळले. पुढे त्या शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यातही होत्या. त्यांचे पती गोविंदराव हे बारामती भागातील सहकारी चळवळीत कार्यरत होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व केंद्रीय मंत्री झालेले शरद पवार (जन्म १२ डिसेंबर १९४०) हे त्यांचे पुत्र. आई व मुलगा यांचा जन्मदिवस एकच असून दोघांची नावेही शरद् या एकाच शब्दावरून आलेली आहेत.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शैक्षणिक संकुलास ‘शारदानगर’ हे नाव देण्यात आले असून तेथील महिला महाविद्यालय शारदाबाई पवार यांच्या नावाने चालते. त्याच परिसरात कृषी विज्ञान केंद्रही आहे. शारदानगर या नावात विद्येची देवता व एक विशिष्ट स्त्री या दोघींचा उल्लेख एकवटला आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यातील दोन स्थलनामांशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. तेथील वालचंदनगर हे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावावरून वसलेले आहे, तर छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील भवानीनगर हे देवतेच्या नावावरून ओळखले जाते. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या वसाहतींच्या नावांत पुरुष उद्योजक, देवता व सार्वजनिक जीवनात वावरलेली स्त्री असे तीन प्रकार दिसतात. यांपैकी तिसरा प्रकार महाराष्ट्रातील स्थलनामांत विरळा आहे.

अन्य उल्लेखनीय व्यक्ती : रामकृष्ण परमहंस यांच्या पत्नी सारदादेवी (१८५३–१९२०) यांचा जन्म बंगालमधील जयरामबाटी येथे झाला. रामकृष्णांच्या शिष्यपरिवारात त्या ‘श्रीमाँ’ म्हणून पूज्य होत्या व त्यांच्या नावाने १९५४ मध्ये संन्यासिनींसाठी सारदा मठ स्थापन झाला. शारदा मेहता (१८८२–१९७०) व त्यांच्या भगिनी विद्यागौरी नीलकंठ या १९०१ मध्ये पदवीधर झाल्या. गुजरातमधील पहिल्या स्त्री-पदवीधर म्हणून या दोघींचा निर्देश केला जातो. मराठी घराण्यातील शारदा मुखर्जी (१९१९–२००७) या माहेरच्या पंडित. भारताचे पहिले भारतीय वायुसेनाप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या त्या पत्नी होत्या. रत्नागिरी मतदारसंघातून त्या १९६२ व १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या आणि पुढे आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांच्या राज्यपाल झाल्या.

कलाक्षेत्रात मलयाळम् व तेलुगू चित्रपटांतील अभिनेत्री शारदा (जन्म १९४५) यांना उत्कृष्ट अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार तीन वेळा मिळाला. त्यांचे मूळ नाव सरस्वतीदेवी असे होते. चित्रपटासाठी घेतलेले नावही त्याच देवतेचे आहे. हिंदी पार्श्वगायिका शारदा (मृत्यू २०२३) यांना सूरज (१९६६) या चित्रपटातील गाण्याने लोकप्रियता लाभली. मैथिली व भोजपुरी लोकगीतांच्या, विशेषतः छठपूजेच्या गीतांच्या, गायिका शारदा सिन्हा (१९५२–२०२४) यांना २०१८ मध्ये पद्मभूषण व २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण हे सन्मान देण्यात आले.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यावर शारदा, सुशीला, शकुंतला, कमल, सुमन ही नावे महाराष्ट्रात घरोघरी आढळत. नंतरच्या पिढ्यांत दोन अक्षरी व नव्या घडणीच्या नावांकडे कल वाढला. त्यामुळे शारदा हे नाव आज मुलींपेक्षा आजींच्या पिढीत अधिक ऐकू येते. संस्थानामांत मात्र त्याचा वापर टिकून आहे. मुंबईच्या दादर भागातील शारदाश्रम विद्यामंदिर हे त्याचे एक सुपरिचित उदाहरण होय.

स्त्रीच्या नावाचा सामाजिक दर्जा केवळ त्याच्या लोकप्रियतेवर नव्हे, तर ते कोठे नोंदले जाते यावरही अवलंबून असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावानंतर वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची रीत दीर्घकाळ चालत आली व तीत आईच्या नावास स्थान नव्हते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. शारदा सदनापासून शारदानगरापर्यंत हे नाव मुख्यतः संस्थांच्या पाट्यांवर कोरले गेले. या निर्णयामुळे शारदा नावाच्या आईचे नाव आता तिच्या अपत्याच्या जन्मदाखल्यापासूनच त्याच्या नावाचा भाग म्हणून लिहिले जाईल.