खोकला अठरा दिवसांचा

पाऊस ओसरून हवा बदलू लागली की दवाखान्यांच्या बाकांवर बसायला जागा मिळत नाही. सर्दी, घसा, खोकला, अंगात कणकण. यातले बहुतेक आजार विषाणूंचे, आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक असतं. तरीही चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन उतरतं, नाहीतर कागदी पुडीतून सुट्या गोळ्या हातात पडतात, ज्यांचं नावसुद्धा कळत नाही. तिसऱ्या दिवशी ताप जातो. तो तसाही जाणारच होता. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि ‘त्या गोळीनेच गुण आला’ हे घरात कायमचं ठरून जातं.

घशातल्या विषाणूला ती गोळी शिवत नाही, पण आतड्यांतल्या जिवाणूंना मात्र मारते. तग धरतात ते उरतात आणि वाढतात. पुढे त्याच माणसाला लघवीचा संसर्ग झाला, तर साधं औषध लागू पडेलच असं नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा अंदाज आहे.

आपल्याकडे कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’मधली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षं जपावी लागते. पण हा पहारा मेडिकलच्या काउंटरवर. चिठ्ठी लिहिली जाते त्या पाच मिनिटांचं काय? मला खरा पेच तिथेच दिसतो.

इंग्लंडने त्या पाच मिनिटांना हात घातला. २०१४ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी सर्वाधिक अँटिबायोटिक्स लिहिणाऱ्या दवाखान्यांना पत्र धाडलं: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. दंड नाही, चौकशी नाही. सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं. आकडा लहान वाटेल, पण तेवढ्याने सुमारे ७३ हजार औषधं कमी लिहिली गेली. लॉस एंजेलिसमध्ये त्याहून साधा उपाय झाला. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांचा फोटो आणि सही असलेलं पोस्टर लावलं: गरज नसेल तर मी अँटिबायोटिक देणार नाही. असं पोस्टर नसलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत अनावश्यक चिठ्ठ्यांचं प्रमाण जवळपास २० टक्के-बिंदूंनी उतरलं. शब्द दिलेला भिंतीवर दिसत असला की तो मोडणं जड जातं.

रुग्णाच्या बाजूने मोठी अडचण अपेक्षेची आहे. अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांनी खोकला सात ते नऊ दिवसांत थांबेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो सरासरी सुमारे १८ दिवस रेंगाळतो. मग आठव्या दिवशी माणूस परत येतो आणि ‘आता हाय पॉवरचं द्या’ म्हणतो. पहिल्याच भेटीत ‘हा अडीच आठवडे घेईल’ असं कळलं असतं, तर तो घरीच थांबला असता.

अर्थात, जिथे लागतं तिथे अँटिबायोटिक वेळेवर मिळायलाच हवं. न्यूमोनियात उशीर जिवावर बेततो. घशात पू, गळ्याच्या दुखऱ्या गाठी, ताप आणि खोकला मात्र नाही, असं चित्र असेल तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. दम लागला, बाळ दूध पिईना, उतरलेला ताप पुन्हा चढला, तर लगेच दवाखाना गाठायचा. ब्रिटनमधले काही डॉक्टर ‘दोन-तीन दिवसांत बरं वाटलं नाही तरच घ्या’ असं सांगून चिठ्ठी देतात, आणि अशा रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांशच ते औषध घेतात. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून शेजाऱ्यासाठीही गोळ्या आणल्या जातात. म्हणून इथे चिठ्ठी आधी देण्यापेक्षा पुढच्या तपासणीची फी न घेता तिसऱ्या दिवशी बोलावणं मला अधिक बरं वाटतं.